मांजरीची मुलगी, साडेपाच एकर

आमच्या घरातला फोन मुळात फार वाजत नसे. बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या डोक्याशी, जुन्या टॉवेलाखाली तो झाकून ठेवलेला असे. वाजलाच तर एक तर कोणीतरी वारलेलं असे, नाही तर ऊसतोडीची टोळी उद्या येणार असे. तिसरी बातमी त्यातून आल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी नोकरीला लागल्यानंतरच्या एका हिवाळ्यात तो एकाएकी सकाळ-संध्याकाळ वाजायला लागला, तेव्हा आई घाबरली. सुरुवातीला तर ती रिसीव्हर उचलायच्या आधी पदर डोक्यावर घ्यायची. पलीकडचा पुरुष परका आहे, एवढं तिला घंटीवरूनच कळत असे.

तेव्हा मांजरी म्हणजे पुणे नव्हतं. शहर हडपसरपर्यंत येऊन टेकलं होतं, तरी बसमध्ये बसताना आम्ही ‘पुण्याला जाऊन येते’ असंच म्हणायचो. घरामागे गोठा, गोठ्यामागे ऊस, उसापलीकडे डांबरी रस्ता आणि लांबवर सोलापूरकडे जाणारी रेल्वे. वीज रात्री-अपरात्री यायची आणि दादा, म्हणजे माझे वडील, झोपेतून उठून मोटार चालू करायला जायचे. त्यांच्या चपलांचा आवाज, मग मोटारीची घरघर, मग पाटातून पाणी आल्याचा तो ओला सळसळाट, या क्रमाने मी कुशी बदलत असे. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आठवड्यातून एकदा आईला वाटायचं की ऑफिसातल्या बायका काय म्हणतील, मग त्या दिवशी चपाती.

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला माझ्या याद्या चिकटवलेल्या असत: गॅस कधी लागला, म्हशीला लस कधी टोचली, कोणाच्या लग्नात आपण काय दिलं आणि त्यांनी आपल्याला काय दिलं. आई म्हणायची, “पोरगी हाय का तलाठी?” दादा मात्र कौतुकाने कपाट उघडून पाहुण्यांना दाखवायचे. आज मागे वळून बघताना वाटतं, पुढचं सगळं त्या कौतुकातच होतं. आपल्याकडे जे चांगलं आहे ते दार उघडून दाखवावं, लपवून काय ठेवायचं, असा दादांचा साधा विचार. त्यांना फक्त अजून मोठं दार मिळालं नव्हतं.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करत होते. त्या हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावून विचारलं, नाशिकच्या शाखेचे हिशेब एकटीने सांभाळाल का? पद वरचं, राहायला खोली, उत्तर महिनाअखेर. मी टेबलाशी परत येईपर्यंत मनातल्या मनात नाशिकच्या सामानाची यादी निम्मी झाली होती. रात्री जेवताना सांगितलं. दादांनी आमटीचा भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “लगीन झाल्याबिगर परगावी न्हाई. नवरा घेऊन कुटंबी जा. लंडनला जा.” मी तावातावाने उठले, ताट मोरीत ठेवलं, आणि सवयीने विसळलंही. माझी बंडखोरी कायम अशी स्वच्छ असायची.

मग फोन वाजायला लागला, आणि त्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या कुलकर्णीबाईंनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं. ऑफिसात इंटरनेट असलेला एकच संगणक होता आणि तो बाईंच्या ताब्यात होता. दुपारच्या सुट्टीत त्या त्यावर भाच्यासाठी मुली बघायच्या.

“मनीषा, जरा इकडे येतेस? नाही, घाई नाही. तू भरतकाम करतेस हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस.”

“मी? भरतकाम?”

“आणि स्वभावाने शांत आहेस. दोन वर्षं शेजारी बसते मी तुझ्या, पण बघ, माणूस ओळखता येत नाही.”

पडद्यावर मी होते. लग्न जमवणाऱ्या एका वेबसाइटवर. मावसबहिणीच्या लग्नातला फोटो, आत्याची ठुशी घातलेला. शेजारची आत्या कापून टाकली होती, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता, बांगड्यांसकट. खाली माझं नाव, जन्मवेळ, उंची, पगार, रक्तगट, ऑफिसचं नाव, घरचा फोन, आणि ‘मांजरी फाट्यावरून डाव्या हाताला, दूध डेअरीसमोर, पिवळं घर’ असा पत्ता. म्हणजे कोणी रात्रीतून येऊन मला उचलून न्यायचं ठरवलं असतं तर त्याला वाटेत विचारावंसुद्धा लागलं नसतं. बाकीच्या बायका मागे गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, “तो हात कोणाचाय गं?”

माझे कान गरम झाले होते, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आणि तरीही, अगदी खरं सांगायचं तर, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: उंची चुकली आहे.

संध्याकाळी घरी जाऊन मी दादांसमोर त्या पानाची छापील प्रत आपटली. ते खजील वगैरे झाले नाहीत; उलट चष्मा लावून कौतुकाने बघत बसले. ही कामगिरी त्यांनी हडपसरच्या गाडीतळाजवळ सलीमभाईच्या सायबर कॅफेत बसून पार पाडली होती. सलीमभाईचे वडील आमच्या वस्तीवर घोंगड्या विकायला यायचे, त्यामुळे दादांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. फॉर्म कसा भरला ते पुढे सलीमभाईनेच मला सांगितलं.

“मी विचारलं, काका, रिकाम्या वेळी मुलगी काय करते? तर म्हणाले, रिकामी असतीच कधी, याद्या करती. आता हे कसं लिहू, बोला? मी म्हटलं, वाचन आणि भरतकाम टाकतो, सगळ्यांचं तेच असतं.”

कोणत्याही शहाण्या मुलीने त्या दिवशी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, दादा, मला न विचारता टाकलंत, आत्ताच्या आत्ता काढा. मी काय केलं? लाल पेन घेतलं. जेवण होईपर्यंत त्या कागदावर मी एवढ्या दुरुस्त्या केल्या की मूळ मजकूर दिसेना. उंची दीड इंचाने कमी केली. भरतकाम खोडलं. ‘शांत’ खोडून ‘शिस्तशीर’ लिहिलं. फोटो बदलायला सांगितला आणि कोणता घालायचा तोही काढून दिला. आणि जिथे दादांनी नुसतं ‘शेती आहे’ असं लिहिलं होतं, तिथे मी समासात बाण काढून लिहिलं: ‘साडेपाच एकर बागायत, दोन विहिरी, डांबरी रस्त्यालगत.’ कारण शेती आहे म्हणजे काय? किती आहे, कुठे आहे, पाणी कसलं आहे, हे नसेल तर ती माहिती कसली?

“टाकायचंच असेल तर बरोबर टाका,” मी म्हटलं. इतकं कडक बोलल्याबद्दल मला स्वतःचा अभिमानही वाटला.

“बघ,” दादा आईला म्हणाले, “म्हनलं नव्हतं, तिचीबी हरकत न्हाई.”

माझी मुलगी सई आता कॉलेजात आहे. तिच्या दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तो फोटोसह, विषयवार गुणांसह आणि बैठक क्रमांकासह नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकला होता; फेसबुकवरही. आतल्या खोलीतून तिचा निरोप आला, ‘आई, काढ. आत्ता.’ मी उठून तिच्याकडे गेले आणि विचारलं, “चूक काय आहे त्यात?” ती म्हणाली, “चूक काहीच नाहीये. म्हणूनच काढ.” मी काढलं, पण दोन दिवस त्या वाक्याशी मनातल्या मनात वाद घालत होते. अजूनही पूर्ण जिंकलेले नाही.

दुरुस्त माहिती वेबसाइटवर गेली आणि फोनला खरा जोर चढला. आधीचे फोन गुण, गोत्र, पत्रिका असे विचारत. आता माणसं भारदस्त आवाजात बोलत. एकाने आईला विचारलं की सातबारा कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्याने विचारलं की रस्ता किती रुंद आहे. आई फोन ठेवून हरखून सांगायची, “लई बारकाईनं चौकशी करनारी मानसं हायती. घरानं मोठं असनार.” दादांचं म्हणणं असं की पोरीची किंमत आता कुठे लोकांना कळायला लागली. आणि मी? मी फोनशेजारी एक तक्ता लटकवला: नाव, गाव, मुलाचं शिक्षण, बोलण्याची पद्धत. ‘बोलण्याची पद्धत’ या रकान्यात मी आईने ऐकवलेल्या आवाजांना गुण देत असे. नाशिकचं उत्तर द्यायची मुदत जवळ येत होती, आणि सगळ्या जगाने आपल्याला बघावं हा अपमान आहे असं दिवसभर ऑफिसात सांगणारी मी, संध्याकाळी आल्या आल्या विचारायचे, “आज किती आले?”

त्यातलं सर्वांत जास्त गुणांचं स्थळ एका रविवारी बघायला आलं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याचे मामा. बांधकामाच्या धंद्यात आहेत, स्वारगेटच्या बाजूला ऑफिस आहे, एवढं कळलं होतं. दादांनी ठरवलं की या पाहुण्यांना घरात बसवून पोहे द्यायचे नाहीत. शेतात हुरडा खिलवायचा. आमच्याकडे हा मोठा मान. उसाच्या कडेला दादा दरवर्षी खास हुरड्यापुरती ज्वारी करायचे. बांधावर खड्डा खणून गोवऱ्यांचा आर पाडला, घोंगडी अंथरली, आईने शेंगदाण्याची आणि लसणाची अशा दोन चटण्या, गूळ आणि घट्ट दही आणून ठेवलं. मी मोरपंखी साडी नेसले होते. मुठीत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर मुलाला विचारायचे प्रश्न होते, महत्त्वाच्या क्रमाने. पहिला नाशिकचा.

पाहुणे गाडीतून उतरले आणि आधी रस्त्याकडेच तोंड करून उभे राहिले. मामांच्या अंगात पांढरा सफारी, मनगटावर सोन्याची साखळी. ते चालताना सारखे पावलं मोजत आहेत असं वाटत होतं. दादा हातावर कणसं चोळून कोवळे, गरम दाणे त्यांच्या पुढ्यात टाकत होते आणि मामा तोंडात टाकत विचारत होते, तो बांध कोणाचा, त्या पलीकडचं कोणाचं, पाट सरकारी की खाजगी. दादा आनंदाने सांगत होते. त्यांना वाटलं, शहरातला माणूस असून शेतीची आवड आहे. मी ताट घेऊन घोंगडीच्या कडेला उभी होते. वडिलांनी ताटातला गूळ घेतला. मुलाने चटणी घेतली. “अजून थोडं दही मिळेल का?” असं त्याने ताटाला विचारलं. ताट कोणाच्या हातात आहे हे बघायला मान आणखी वीतभर वर करावी लागली असती. तेवढी त्याने केली नाही.

मग मामांनी हात झटकले. “भाऊसाहेब, आडपडदा ठेवायचा नाही. मुलगी आम्हाला पसंत आहे. आता या जागेचं डेव्हलपमेंटचं कसं करायचं, ते आत्ताच बोलून घेऊ. घरातली गोष्ट घरात राहील. बाहेरचा बिल्डर तुम्हाला फसवणार, आम्ही काय, जावईच.”

दादा निखाऱ्यात कणीस फिरवत होते. फिरवतच राहिले.

“पसंत हाय म्हनता?”

“एकदम.”

“तिचं नाव काय हाय?”

मामा हसले. “म्हणजे काय! आमच्याकडे सगळी माहिती आहे. साडेपाच एकर…”

“ती ठावं हाय मला. पोरीचं नाव इचारतोय.”

मामांनी मुलाच्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मुलाकडे बघितलं. मुलाने हुरड्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “माधवी?”

लांबवर रेल्वे गेली. आईने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण त्यातलं दही मी मामांच्या सफारीवर ओतेन असं तिला वाटलं असावं. मी भयंकर चिडले होते. गेले कित्येक दिवस मी धुसफुसत होते की माझा फोटो, माझं वय, माझं रक्त कोणत्या गटाचं आहे ते सगळ्या दुनियेने वाचलं. आणि आता कळत होतं की कोणी काही वाचलंच नव्हतं. सगळ्यांनी एकच ओळ वाचली होती, आणि ती मी लिहिली होती, लाल शाईने, बाण काढून. तीन माणसं मला बघायला येऊन हातभर अंतरावर बसली होती आणि मोरपंखी साडीतली मी त्यांना दिसत नव्हते. उंची चुकलेलीच राहू दिली असती तरी काही फरक पडला नसता.

दादांनी भाजलेलं कणीस चोळलं, फुंकर मारून दाण्यांवरचं कूस उडवलं आणि दाणे मामांच्या पुढ्यात ठेवले. “गरम हाय तवर खाऊन घ्या,” ते म्हणाले. “मग निघा. सांच्याला रस्त्याला गर्दी असती.”

पाहुण्याला उपाशी घालवायचं नाही, हा दादांचा नियम; आणि पाहुण्यांनी ते दाणे खाल्लेही, असं मला अंधुक आठवतं. गाडी गेल्यावर दादा बराच वेळ आर विझवत बसले. मला वाटलं, आता आपल्यालाच बोलणी बसणार. साडेपाच एकर कोणी लिहायला लावलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी राखेवर पाण्याचा शेवटचा हबका मारला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, “नाशकात थंडी लई असती म्हनं.”

आमच्या घरात परवानगी अशीच मिळत असे, हवामानातून. मी मुठीतला प्रश्नांचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: स्वेटर.

ती जमीन पुढे गेलीच. निम्मी रस्त्यात गेली, उरलेल्या जागी आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर दादा राहतात. पण तो व्यवहार त्यांनी जमिनीचा म्हणून केला, समोर वकील बसवून, आणि त्यात माझं नाव फक्त वारस म्हणून आलं. पूर्ण आणि बरोबर. मी तपासलं होतं.

तर पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि दादा सलीमभाईच्या कॅफेत गेलो, माहिती काढून टाकायला. दोन लाकडी फळ्यांच्या आडोशात एक खुर्ची. दादा खुर्चीवर, मी मागे उभी, आणि सलीमभाई वाकून माऊस हलवत. बराच वेळ पान उघडेना. उघडलं तेव्हा वरून आधी माझे केस आले, मग कपाळ, मग डोळे. दादा त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, “फोटू मातुर झाक हाय.” तो मीच निवडलेला होता.

“काका, कारण निवडल्याशिवाय काढता येत नाही,” सलीमभाई म्हणाला. “लग्न ठरलं, या वेबसाइटवरून. लग्न ठरलं, दुसरीकडून. नाही तर इतर.”

“लगीन कुटं ठरलंय? खोटं न्हाई लिहायचं.”

“मग इतर. पण इतर लिहिलं की खाली चौकोन येतो, त्यात कारण भरायला लागतं.”

“नोकरी ठरली, असं न्हाई का त्यात?”

“नाही काका.”

दादांनी जरा विचार केला. मग ताठ बसले, ग्रामपंचायतीत ठराव सांगतात तशा आवाजात म्हणाले, “लिही. मुलगी नाशिकला चालली आहे.”

सलीमभाई एका बोटाने टाइप करायला लागला. हे पान आता कोणालाच दिसणार नाही, हे वाक्य कोणीच वाचणार नाही, हे मला कळत होतं. आपली आणखी एक खबर आपला बाप पुन्हा त्याच यंत्रात घालतो आहे, तेही कळत होतं. कालच्या दिवसात एवढं तरी शिकायला हवं होतं. सलीमभाईने शेवटचं अक्षर दाबलं आणि विचारलं, “पाठवू?”

“थांबा,” मी म्हटलं. “दादा, ‘बढतीवर’ लिहायचं राहिलं.”